मायच्या कोपराची शीर

माय गेल्यावर गावात विहाराच्या ओट्यावर तिची शोकसभा झाली. बोलणाऱ्यांत एक वयस्कर गृहस्थ होते. गावच्या दूध सोसायटीचे ते एकेकाळी सेक्रेटरी होते. ते अगदी मनापासून बोलले. मायचे कष्ट, तिचा करारी स्वभाव, सगळ्याबद्दल बोलले, आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले, "एक गोष्ट मी आज सगळ्यांसमोर सांगतो. त्या काळी बाईंबद्दल जे बोललं गेलं ते साफ खोटं होतं. त्यांना तसलं काही नव्हतं. त्या शेवटपर्यंत निरोगी होत्या."

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. आमचं हरवलेलं काहीतरी त्यांनी परत आणून दिलं, असं तिला वाटलं असावं.

मला काही परत मिळालं नव्हतं. जे वाक्य मायनं जन्मभर कुणाच्या तोंडून घेतलं नाही, ते तिच्या फोटोपुढं म्हटलं गेलं होतं, आणि ती उत्तर द्यायला नव्हती. मला सभेत बोलता येत नाही. लिहिता येतं, तेही सावकाश. म्हणून लिहिते.

'तसलं' म्हणजे महारोग. आमच्या भागात त्या काळी हा शब्दसुद्धा लोक पूर्ण उच्चारत नसत. मायला तो झालेला नव्हता हे खरं आहे. तिच्या कोपरामागच्या शिरेला मार लागला होता. पण ती निरोगी होती म्हणून तिचा मान परत मिळाला, असं जे त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, ते खरं नाही. तिनं तो तसा मिळूच दिला नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बहात्तरचा दुष्काळ मोठी माणसं अजून विसरली नव्हती, तोवर पुन्हा पावसानं पाठ फिरवली होती. नळदुर्गच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत, आमचं गाव. वडील सोलापूरला गिरणीत होते, सुटी मिळेल तसे यायचे. घरात माय, मी आणि एक म्हैस. मी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गात होते. माय दिवसा रोजगार हमीच्या कामावर जायची; गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचा बांध घालायचं काम चाललं होतं. सकाळी जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर ती म्हशीची धार काढून दूध सोसायटीत घालायची.

ही सोसायटी गावात नवीन होती आणि आमच्या वस्तीसाठी ती साधी गोष्ट नव्हती. आम्ही बौद्ध. मायच्या लग्नाआधीच दोन्हीकडच्या घरांनी देव बाहेर काढून धम्म घेतला होता. गावातली बरीच घरं आमच्या हातचं पाणी तेव्हाही पीत नव्हती. पण सोसायटीत सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये जायचं. पाटलाचं, वाण्याचं, धनगराचं, आमचं. एकदा ओतलं की कुणाचं कुठलं हे कुणाला सांगता आलं नसतं. माय सभासद झाली तेव्हा वस्तीतल्या काही जणांनी तिला वेड्यात काढलं होतं. "घेतेत व्हय आपलं दूध?" असं विचारलं होतं. पहिल्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं माप ओतलं, कॅनच्या तोंडाशी वाकून आत बघितलं आणि घरी येऊन मला एवढंच सांगितलं, "गेलं."

बांधाच्या कामावर दगड वाहून न्यायला ट्रॅक्टर होता. एकदा ट्रॉली भरताना मागच्या लोखंडी फाळक्याची कडी निसटली. फाळका खाली आला आणि त्याची कड मायच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला बसली. कोपराच्या माराचं एक विचित्र आहे, तिथं लागलं की बघणाऱ्याला आधी हसू येतं. करंगळीपर्यंत वीज जाते, माणूस हात झटकत गोल फिरतं, आणि सगळे हसतात. त्या दिवशीही बाया हसल्या.

"काय गं, करंट बसला का?" एकीनं विचारलं.

"वस्तीत लाईट आली न्हाय अजून," माय हात दाबून म्हणाली, "माझ्या कोपरात आली बघ आधी."

हे मला तिनंच रात्री जेवताना सांगितलं, तेही हसत. कोपर काळंनिळं झालं होतं. तिनं हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. मुकादम भला होता, त्यानं तिला वाहायचं काम सोडून खडी फोडायला बसवलं. बसायचं काम म्हणून सगळ्यांना ते हलकं वाटलं. डाव्या हातानं दगड धरायचा, डावं कोपर खालच्या दगडावर टेकवायचं आणि उजव्या हातानं हातोडी मारायची. दुखऱ्या हाताला टेकू मिळाला म्हणून मायलाही बरं वाटायचं. हातोडीचा प्रत्येक हादरा त्याच ठेचलेल्या शिरेवर उतरत होता, हे तिला कसं कळणार? आम्हाला कुणालाच कळलं नाही.

काळंनिळं गेलं, पण मुंग्या गेल्या नाहीत. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर होत गेलं. धार काढताना ती दोन बोटं मुठीत नीट मिटेनात. उजव्या हाताची धार बादलीत जोरात वाजायची, डावीकडची मऊ, बारीक. म्हशीलाही फरक कळला. ती पाय आपटायला लागली. माय तिला म्हणायची, "तुला बी मापात पाप दिसायलंय व्हय?" आणि पुन्हा आचळ धरायची.

मग एका सकाळी माय भाकरी उलटत असताना मी तिच्याजवळ बसले होते आणि आम्हाला दोघींना आधी वास आला. तव्याच्या कडेला तिची करंगळी लागलेली होती, आणि तिला कळलंच नव्हतं. तिनं हात उचलला, बोट उलटसुलट करून बघितलं. फोड चांगला मोठा आला होता. ती घाबरली की नाही मला ठाऊक नाही. ती म्हणाली, "भाकरी जळायली, उलट."

त्याच सुमारास गावात आरोग्य खात्याचा माणूस येऊन गेला होता. त्यानं शाळेत मुलांचं पाठ-पोट तपासलं आणि दोन पोस्टर लावली. एक शाळेत, एक सोसायटीच्या भिंतीवर, कारण सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथं येतं. पोस्टरवर वरच्या बाजूला हाताचं चित्र होतं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की अंगावर बधिर चट्टा असेल, हाताची बोटं बधिर होत असतील, चटका लागलेला कळत नसेल तर तपासून घ्या. खाली बारीक अक्षरांत होतं की हा रोग औषधानं पूर्ण बरा होतो, रोग्याला दूर लोटू नका. मी दोन्ही वाचलं होतं, शाळेत. सोसायटीच्या भिंतीशी रिकामे कॅन रचून ठेवत, त्यामुळं तिथं खालचा भाग झाकला जायचा. रांगेत उभ्या राहणाऱ्यांना दिसायचा तो फक्त वरचा. तो सगळ्यांना पाठ झाला होता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही.

भाजल्याच्या दुसऱ्या दिवशी माय रांगेत उभी होती, मी तिच्यासोबत होते. तिच्या पुढं गावातली एक म्हातारी होती, बोलकी, सगळ्यांची खबर ठेवणारी. तिचं लक्ष मायच्या बोटाकडं गेलं.

"अगं, बोटाला काय झालं?"

"तवा लागला."

"लई भाजलंय की गं. आग आग होत असंल."

"कशाची आग?" माय हसून म्हणाली. "त्या बोटाला काय कळतंय व्हय! कापून न्हेलं तरी सकाळी बघावं लागंल."

तिनं ते विनोदानं म्हटलं. पण कुणी हसलं नाही. म्हातारीनं भिंतीकडं बघितलं. मागच्या दोघी-तिघींनीही भिंतीकडं बघितलं. मग म्हातारी आपलं भांडं उचलून अर्धं पाऊल पुढं सरकली. पुढं जागाच नव्हती तरी सरकली.

त्या दिवशी दूध घेतलं. दुसऱ्या सकाळी सेक्रेटरी, पुढं शोकसभेत बोलला तोच, खुर्चीतून उठून बाहेर आला. तेव्हा तो तरुण होता, नुकतं लग्न झालेला, मायला मावशी म्हणायचा.

"मावशी, राग मानू नका. उद्यापासून दूध पोरीच्या हातानं पाठवा."

"का?"

"लोकं बोलायलेत. मी न्हाय, लोकं."

"म्हैस पोरीला धार काढू देत न्हाय."

"धार तुमीच काढा की. फकस्त हितं घालायला पोरीला पाठवा."

माय सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हंजी ह्याच हातानं काढलेलं दूध चालतंय. ह्या हातानं ओतलेलं चालत न्हाय. असंच ना?"

सेक्रेटरीच्या हातात दुधाची पत तपासायची काचेची नळी होती, ती तो पुसत राहिला.

"चेअरमनसाहेबांनी सांगितलंय," तो शेवटी म्हणाला.

"त्यांस्नी सांग, पाण्याचं बी आमच्या बापाला असंच सांगितलं व्हतं. तुमी लांब उभं ऱ्हावा, आमी वरनं वततो. आता दुधाचं उलटं सांगायलेत."

ती भरलेली बादली घेऊन घरी आली. मी वाटेत म्हणाले, "मी जाते की माय उद्या. शाळेच्या आधी." ती म्हणाली, "तू शाळंला जा." मी पुन्हा म्हणाले तेव्हा तिनं माझ्याकडं असं बघितलं की तो विषय माझ्यापुरता संपला.

आमच्या वस्तीतली माणसंही तेच सांगायची. "पोरगी जाती म्हणती तर जाऊ दे. दूध गेल्याशी मतलब." ती शहाणी माणसं होती आणि त्यांचं चुकत नव्हतं. दुष्काळात म्हैस सांभाळणं सोपं नव्हतं. चारा मिळत नव्हता, साखर कारखान्याच्या बाजूनं उसाचं वाढं यायचं ते विकत घ्यावं लागायचं आणि ते दुधाच्या पैशावरच व्हायचं. दूध गेलं नाही तर म्हैस बाजाराला न्यायची वेळ येणार, हे मायला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. तरी ती रोज सकाळी स्वतः बादली घेऊन जायची. वाद नको म्हणून रांगेच्या शेवटी उभी राहायची. सगळ्यांचं घालून झालं की सेक्रेटरी कॅनचं झाकण लावायचा आणि म्हणायचा, "मावशी, पोरीला पाठवा." माय म्हणायची, "मी आले की." आणि परत यायची.

घरी आलेलं दूध वस्तीतल्या लेकरांना मिळायचं. त्या रखरखीत दिवसांत आमच्या वस्तीतली मुलं जशी दूध प्यायली तशी आधी कधी प्यायली नसतील. एका पोराला तर जुलाब लागले. त्याची आई भांडायला आली, आणि मायची कथा ऐकून दही घेऊन गेली.

वडील आले तेव्हा त्यांनी तिचा हात बघितला, बोटाची जखम बघितली आणि ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आम्हाला दोघींना सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मला पाट्या वाचायला घेतलं होतं. खिडकीवरच्या माणसानं "बोटं बधिर" एवढं ऐकलं आणि आम्हाला व्हरांड्याच्या अगदी टोकाच्या खोलीकडं पाठवलं. तिथं पाटी नव्हती. वाचायची गरजही नव्हती. तिथं बसलेली माणसं बघून आम्हाला कळलं.

बाकड्यावर एकच बाई होती, बाकीचे खाली बसले होते. अक्कलकोटकडची होती, बोलताना मधेच कानडी यायचं. एका हाताची बोटं आखूड झालेली, पायात काळ्या रबराच्या चपला. माय बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधे दोन माणसं मावतील एवढी जागा सोडून.

बाई हसली. "हवा यावी म्हणून लांब बसलीस काय अक्का?"

मायला लाज वाटली की राग आला, कुणास ठाऊक. तिनं क्षणभर खाली बघितलं आणि सरकून बाईला चिकटून बसली. वडील उभेच राहिले. बाईनं फडक्यातली भाकरी काढली, वर शेंगाची चटणी. तिनं तिच्या पद्धतीनं दोन तळव्यांत धरून भाकरी मोडली आणि अर्धी मायपुढं केली.

"खातीस?"

मायनं घेतली. वडिलांनी माझा दंड धरला होता, तो जरा घट्ट झाला. मायनं ते बघितलं आणि तिच्या अर्ध्या भाकरीतला तुकडा मोडून मला दिला. मी खाल्ला. चटणी फार तिखट होती.

त्या दोघी मग बोलत बसल्या. बाईच्या नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं होतं, पण सासूनं गोठ्याशेजारी झोपडी घालून दिली होती. ती शेळ्या पाळायची. "गोळ्या चालू हायत," ती म्हणाली. "डागटर म्हणतेत, रोग मेला आता. बोटं तेवढी येत न्हायत माघारी." तिनं मायला विचारलं, "तुझं कसं कळलं?" मायनं तव्याचं सांगितलं. बाईनं मान हलवली. "माझं बी असंच. चुलीपशीच कळतंय बायकांचं."

डॉक्टर तरुण होते. मायला त्यांनी आधी पाठ, दंड, मांड्या दाखवायला लावल्या, नर्स होती बरोबर. कुठं चट्टा नव्हता. मग तिचे दोन्ही हात पुढं घेऊन त्यांनी कोपराच्या मागं, हाडाच्या बाजूला बोटानं चाचपलं. उजवीकडं, मग डावीकडं, मग पुन्हा उजवीकडं. डावीकडं बोट टेकताच माय खुर्चीतून उठली. "वीज गेली," ती म्हणाली, "करंगळीत."

"बधिर बोटात जाते?"

"बधिर बोटात जाती की! एरवी मेल्यासारखं पडून ऱ्हातंय आन हितं दाबलं की जागं होतंय."

डॉक्टर हसले. त्यांनी कापसानं बोटं तपासली. करंगळी पूर्ण बधिर होती. शेजारचं बोट मात्र अर्धंच; करंगळीकडची कड बधिर, दुसरी कड जागी. बोटाच्या मधोमध जणू बांध घातलेला. त्यांनी एक कागद तिच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरायला दिला आणि ओढला. उजव्या हातातून तो सुटेना, डाव्यातून अलगद निघून आला. मग त्यांनी विचारलं की कोपराला कधी लागलं का. मायनं फाळक्याचं सांगितलं. "आणि त्यानंतर काम काय करता?" मायनं खाली बसून, दगड धरल्यासारखा हात करून, कोपर जमिनीला टेकवून दाखवलं.

"हेच," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी वडिलांना आणि मला समजावलं. त्या शिरेला नस म्हणतात, ती कोपराच्या मागं हाडाच्या खोबणीतून जाते, आणि तिथं तिच्यावर मांस नसतं, नुसतं कातडं. म्हणून तिथला मार थेट तिलाच बसतो. ती तुटलेली नाही, चेचली गेली आहे, आणि रोजच्या टेकण्यानं तिला भरून यायला उसंत मिळालेली नाही. महारोगही याच नसेत याच जागी बसतो, तेव्हा ती दोरीसारखी जाड होते. म्हणून इथं पाठवलं ते चूक नाही. पण ही जाड नाही, ठेचलेली आहे. खडीचं काम बंद, कोपर कशावर टेकवायचं नाही, झोपताना हात दुमडू नये म्हणून कापड गुंडाळायचं. नस कोपराकडून बोटांकडं हळूहळू भरत जाते, कित्येक महिने लागतील, आणि पूर्ण भरेल असं सांगता येत नाही.

वडिलांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हंजे तसलं काही न्हाय ना साहेब?"

"नाही. गावात कुणी त्रास देत असेल तर तसं लिहून देतो."

"द्या साहेब. द्याच."

डॉक्टरांनी कागद ओढला. तेव्हा माय म्हणाली, "थांबा जरा. साहेब, ती बाहीर बसलेली बाई. तिच्यापसनं कुणाला काय व्हतं का?"

"नाही. तिचं औषध चालू आहे. काही होत नाही."

"तिनं काढलेलं दूध चालंल?"

"का नाही चालणार?"

"मग तिला बी लिहून देता का तसं?"

डॉक्टर पुन्हा हसले, मग त्यांचं हसू थांबलं. "तिला काय लिहून देणार? तिला रोग आहे."

"मग मला बी नगं," माय म्हणाली.

वडिलांना आधी वाटलं, तिला कळलं नाही. ते तिला समजावायला लागले. ती म्हणाली, "कळलंय मला," आणि उठून बाहेर गेली. डॉक्टरांनी तो कागद तसाच ठेवून दिला.

बाहेर त्या बाईनं मायचा चेहरा बघूनच ओळखलं. "तुझं न्हाय निघालं ना? बरं झालं बाई. ऊठ आता आमच्या रांगंतनं, पळ." ती हे चिडून म्हणाली नव्हती, पण प्रेमानंही नव्हती. माय पळाली नाही. ती परत बाकड्यावर बसली आणि बाईचा नंबर लागेपर्यंत बसून राहिली. आमची एसटी चुकली.

दुसऱ्या गाडीत वडील फार रागावले होते. ते सहसा बोलत नसत, त्या दिवशी बोलले. "एक कागद. एवढं केलं असतं तर उद्यापासून दूध सुरू झालं असतं. लोकं कागदाला मानतेत."

"कागदाला मानतेत," माय म्हणाली. "मला न्हाय."

"अगं, पण तुला न्हाय ना तो रोग! न्हाय ते न्हाय म्हणायला काय जातंय?"

"आन असता तर?"

वडील खिडकीबाहेर बघत राहिले. मला आज उत्तर सुचतं ते एवढंच, की तिनं तो कागद घेतला असता तर सोसायटीचा नियम तिनं स्वतःच मान्य केला असता. हात बघून दूध घ्यायचं, हा नियम. त्या नियमात ती बसत होती इतकंच. आमच्या माणसांना एका नियमात बसत नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलं होतं. दुसऱ्या एका नियमात आपण बसतो याचा आनंद तिला नको होता. हे शब्द माझे आहेत. ती असं काही बोलली नाही. ती एसटीत झोपली, डावा हात मांडीवर सरळ ठेवून.

परतल्यावर तिनं खडीचं काम सोडलं. वडिलांचं जुनं धोतर फाडून ती झोपताना कोपराला गुंडाळायची. वडील जाताना सेक्रेटरीला सांगून गेले होते, की सोलापूरला दाखवलं, काही नाही. मला वाटलं, प्रश्न सुटला.

दुसऱ्या सकाळी माय नेहमीपेक्षा लवकर उठली. धार काढली आणि मला म्हणाली, "चल." आम्ही पोचलो तेव्हा सोसायटीचं दार उघडलं नव्हतं. माय दारापुढं उभी राहिली, रांगेत पहिली. थोड्या वेळानं आमच्या मागं तीच म्हातारी येऊन उभी राहिली, तिच्यामागं इतर. सेक्रेटरीनं दार उघडलं, कॅन मांडले, आणि मायला समोर बघून थबकला.

"मावशी, तुमच्या मालकांनी सांगितलं मला. चांगलं झालं." तो खालच्या आवाजात म्हणाला, "कागद आणलाय का तेवढा? चेअरमनसाहेबांना दाखवायला."

"न्हाय आणला."

"घरी ऱ्हायला व्हय? पोरीला पाठवा, घेऊन यील."

"घरी बी न्हाय. मी घेतलाच न्हाय."

त्याला कळेना. "मग मी कशाच्या आधारावर घेऊ?"

"दुधाच्या," माय म्हणाली. "घाल तुझी नळी. पाणी असलं तर परत दे."

"तसं न्हाय मावशी. साधी गोष्ट हाय. डॉक्टर म्हणले ना, तुमाला काय न्हाय? मग लिहून आणायला काय झालं?"

"मला हाय का न्हाय ते मी तुला सांगणार न्हाय. तू दुधाचं बघ."

ती बाजूला झाली नाही. इतके दिवस ती शेवटी उभी राहायची, म्हणून तिला नाही म्हणायला सोपं जात होतं. झाकण लावलं की झालं. आता ती मापापुढं उभी होती आणि तिला हलवल्याशिवाय मागच्या कुणाचं दूध घेता येत नव्हतं. आणि तिला हात लावून हलवायला तर कुणीच पुढं येणार नव्हतं. ऊन वर यायला लागलं. उन्हाळ्यात दूध फार वेळ टिकत नाही. रांगेतली भांडी एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागली. हमरस्त्याकडून येणाऱ्या दुधाच्या गाडीचा हॉर्न लांबून ऐकू आला. ती गाडी कुणासाठी थांबत नसे.

"बाजूला व्हा की जरा मावशी," सेक्रेटरी काकुळतीला आला. "चेअरमनसाहेबांना येऊ द्या, मग बघू."

मला भीती वाटत होती. मी तिच्या लुगड्याला धरलं नव्हतं, पण अगदी जवळ उभी होते.

"अरं घे की रं बाबा!" मागून म्हातारी ओरडली. "ही काय हलत न्हाय, आन गाडी गेली की माझं दूध काय तुझ्या बायकूला पाजायचं का?"

रांगेत कुणीतरी हसलं. दुसऱ्या एकीनं री ओढली, "घे, घे, ऊन झालंय."

म्हातारीला मायचा कळवळा आला होता असं मी म्हणणार नाही. तिला तिच्या दुधाची काळजी होती. मायनंही पुढं कधी तिचे आभार मानले नाहीत. सेक्रेटरीनं एकदा रस्त्याकडं बघितलं, चेअरमन दिसतात का ते. कुणी नव्हतं. त्यानं नळी मायच्या बादलीत सोडली, आकडा बघितला आणि मान हलवली. मग माप घेण्यासाठी त्यानं हात पुढं केला, बादली त्याच्याकडं द्यावी म्हणून.

"मीच वतते," माय म्हणाली.

तिनं उजव्या हातानं कडी धरली आणि डावा हात बुडाखाली लावला. ती दोन बोटं वाकडीच होती, भाजल्याची खूण अजून ओली होती, सगळ्यांना दिसत होती. तिनं सावकाश ओतलं. एक थेंब बाहेर गेला नाही. सेक्रेटरीनं वहीत लिहिलं, वर न बघता. माय बादली झटकून बाजूला झाली आणि म्हातारीनं आपलं भांडं त्याच कॅनवर वाकडं केलं.

घरी येताना वस्तीच्या वळणावर मायनं रिकामी बादली माझ्याकडं दिली आणि डावा हात झटकला.

"उद्या बी लवकर निघायचं," ती म्हणाली. "पुढंच उभं ऱ्हायचं."